स्टीव्ह नॅश बघून पॉइंट गार्ड व्हायचंय? मग या चुका टाळा

आमच्या ग्राउंडवर पॉइंट गार्ड (बास्केटबॉलमध्ये बॉल पुढे नेऊन टीमला खेळवणारा) खेळायचंय म्हणून जी पोरं येतात ती सगळी मोबाईलवर कुणाचा ना कुणाचा हायलाइट दाखवतात. मी त्यांना सांगतो की अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या स्टीव्ह नॅशचं करिअर बघा, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा, कारण या पोझिशनवर माणूस कसा तयार होतो ते त्याच्याइतकं स्पष्ट फार कमी जणांच्या बाबतीत दिसतं. तर दुसऱ्या दिवशी पोरं काय बघून येतात? नॅशचे टॉप टेन पास. आणि मग त्याच त्याच चुका सुरू होतात, दरवर्षी नवीन पोरं पण चुका जुन्याच. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

गोष्ट २००५ पासून सुरू करणं

सगळ्यात मोठी चूक ही. २००५ मध्ये नॅश एमव्हीपी (लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, २००६ मध्ये परत झाला, फिनिक्स सन्सचं ते धावतं बास्केटबॉल, आणि लोक तिथूनच बघायला लागतात. अरे पण तेव्हा तो ३१ वर्षांचा होता! त्याच्या आधी काय झालं ते कोण बघणार?

जन्म १९७४, जोहान्सबर्ग. वाढला कॅनडात, व्हिक्टोरिया नावाच्या गावात, जिथे पोरं आइस हॉकी आणि फुटबॉल खेळतात. वडील स्वतः प्रोफेशनल फुटबॉलर, भाऊ पुढे कॅनडाच्या फुटबॉल टीममध्ये खेळला, आणि हा बारा-तेराव्या वर्षी बास्केटबॉलच्या मागे लागला. त्याच्या शाळेच्या कोचने तीसच्या वर अमेरिकन युनिव्हर्सिट्यांना पत्रं आणि व्हिडिओ पाठवले. स्कॉलरशिप द्यायला तयार झाली एकच, कॅलिफोर्नियातली सँटा क्लारा. तिथे हा कॅम्पसवर क्लासला जाता-येता टेनिस बॉल ड्रिबल करत जायचा. १९९३ च्या एनसीएए या कॉलेजांच्या स्पर्धेत १५ वं मानांकन असलेल्या सँटा क्लाराने २ रं मानांकन असलेल्या अ‍ॅरिझोनाला ६४-६१ ने हरवलं, त्यात पहिल्या वर्षाच्या या पोराने शेवटच्या अर्ध्या मिनिटात लागोपाठ ६ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) टाकले. हा किस्सा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९६ चा ड्राफ्ट, म्हणजे एनबीएच्या टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो. आयव्हर्सन पहिला, कोबी १३ वा, नॅश १५ वा, फिनिक्सने घेतला आणि फिनिक्सच्याच फॅन्सनी त्याला बू केलं. पहिल्या वर्षी मॅचमागे साधारण १० मिनिटं खेळायला मिळालं, कारण पुढे केव्हिन जॉन्सन होता, आणि त्याच सीझनमध्ये जेसन किडही आला. म्हणजे एकाच टीममध्ये लीगचे दोन टॉपचे पॉइंट गार्ड आणि हा बेंचवर. १९९८ मध्ये डॅलसला ट्रेड झाला, वाटलं आता चालेल, तर १९९८-९९ मध्ये त्याचं शूटिंग ३६ टक्क्यांवर आलं आणि डॅलसचे घरचे प्रेक्षकही त्याला बू करायला लागले. खरा नॅश दिसायला लागला तो २०००-०१ मध्ये, १५.६ पॉइंट्स आणि ७.३ असिस्टची (ज्या पासवर बास्केट होतं ते) सरासरी, आणि त्या वर्षी डॅलस १९९० नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेलं. लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार मॅचमध्ये पहिल्यांदा २००२ मध्ये, म्हणजे २८ व्या वर्षी.

आता हे का सांगतोय? कारण माझ्याकडे आई-वडील येतात आणि विचारतात, सर, सहा महिन्यांत डिस्ट्रिक्टला खेळेल ना? आणि पोरगं तीन मॅच बेंचवर बसलं की क्लब बदलतात. पॉइंट गार्डला बेंचवरून जे दिसतं ते कोर्टवर दिसत नाही हो. समोरचा गार्ड पिक (वाट अडवायला आपला खेळाडू आडवा उभा राहतो ते) आल्यावर कुठल्या बाजूने जातो, आपला सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) कुठे उभा राहिला की पास अडकतो, कोच टाइमआउट कधी घेतो, हे बसून बघायचं असतं. नॅश किड आणि जॉन्सनच्या मागे दोन वर्षं बसला. (पुढे २०१८ मध्ये तो आणि किड एकाच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेले.) मी माझ्या पोरांना बेंचवर बसवताना एकच काम देतो, आपल्या पॉइंट गार्डकडे बघायचं नाही, त्याला जो अडवतोय त्याच्याकडे बघायचं, आणि क्वार्टर संपला की मला येऊन सांगायचं की तो कुठल्या पायावर आधी हलतो. ज्याला सांगता येतं त्याला मी पुढच्या मॅचला लवकर उतरवतो. ज्याला दम नाही तो दुसरा क्लब शोधतो, शोधू दे.

"पॉइंट गार्ड म्हणजे पास देणारा"

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे, कारण ही चांगली पोरं करतात. गुणी, शहाणी, टीमचा विचार करणारी.

एक पोरगा होता माझ्याकडे, नाव नको, हात एकदम सोन्यासारखे. नॅशचा वेडा. नॅशची ती प्रसिद्ध सवय आहे ना, ड्रिबल करत बास्केटच्या खालून थेट दुसऱ्या बाजूला बाहेर निघायचं, बॉल सोडायचाच नाही, आणि तोपर्यंत कुणीतरी मोकळं होतं, ती त्याने हुबेहूब उचलली होती. प्रॅक्टिसमध्ये बघणारे टाळ्या वाजवायचे. पण शॉट मारायचा नाही. मी सांगून थकलो, मार रे, मोकळा आहेस, तर म्हणायचा सर मी पॉइंट गार्ड आहे, माझं काम पास. मग एक सोळा वर्षांखालच्या गटाची मॅच होती, पहिला क्वार्टर याने मस्त खेळवला, चार-पाच असिस्ट झाले, आणि दुसऱ्या क्वार्टरला समोरच्या कोचने त्यांच्या पोरांना मोठ्याने ओरडून सांगितलं, त्याला सोडा, तो मारत नाही! झालं. याला अडवणारा गार्ड दोन पावलं मागे जाऊन पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या भागात) उभा राहिला. आता हा बास्केटखालून जातोय तर तिथे तीन जण, पास देतोय तर मध्ये हात, वरून देतोय तर त्यांचा सेंटर उडी मारून घेतोय. हाफटाइमपर्यंत पंधरा पॉइंट्सची लीड गेली. आणि पोरगा रडकुंडीला आलेला, सर मी तर सगळं बरोबर करतोय. तो खरंच सगळं बरोबर करत होता, फक्त त्याची कुणाला भीती वाटत नव्हती.

तो बास्केटखालचा ड्रिबल नॅशला का जमतो? कारण त्याच्या करिअरचं थ्री पॉइंट शूटिंग ४२.८ टक्के आहे आणि फ्री थ्रो ९०.४ टक्के. त्याला एक पाऊल जागा दिली की तीन पॉइंट्स गेले. म्हणून अडवणारा त्याला चिकटून राहतो, म्हणून पेंट मोकळा होतो, म्हणून पास जातो. शॉट आधी, पास नंतर, क्रम हा आहे. सीझनभर ५० टक्के फील्ड गोल (खेळताना मारलेले सगळे शॉट), ४० टक्के थ्री, ९० टक्के फ्री थ्रो हे तिन्ही त्याने चार सीझनमध्ये गाठलंय. आणि गंमत बघा, ही खोड नॅशलाही होती. डॅलसमध्ये कोच डॉन नेल्सन त्याच्या मागे लागलेला असायचा की शॉट मार, जास्त मार. म्हणजे दोन वेळा एमव्हीपी झालेल्या माणसालाही हे सांगावं लागलं, तर आमच्या पोराला सांगावं लागलं यात नवल नाही, पण निदान ऐकावं तरी!

यावर माझा उपाय पुस्तकातला नाही, सवयीचा आहे. नॅश फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला की बॉल हातात यायच्या आधी रिकाम्या हातानेच शॉटची अ‍ॅक्शन करायचा. मी पोरांना प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी तेच करायला लावतो, बॉल नाही, फक्त हात, कोपर, मनगट. कंटाळतात. कंटाळू देत. त्यानंतर फ्री थ्रो, आणि ते सुद्धा पळून दमल्यावर, कारण मॅचमध्ये फ्री थ्रो ताज्या पायांनी कधीच मिळत नाही. अ‍ॅरिझोनाविरुद्धचे ते ६ फ्री थ्रो आठवा, ४० मिनिटांच्या मॅचच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटातले होते ते. जो पोरगा मला "सर आज डायरेक्ट मॅच खेळूया" म्हणतो त्याला मी त्या दिवशी मॅच देतच नाही. त्या माझ्या पोराचं काय झालं म्हणाल तर त्याने पुढच्या सीझनला शॉट मारायला घेतला, आधी चुकायचे, लोक हसायचे, पण गार्ड परत चिकटायला लागले आणि त्याचे जुने पास आपोआप परत आले.

बाकीच्या, पटापट

फक्त असिस्टचा आकडा बघणं. नॅशचे करिअरमध्ये १०,३३५ असिस्ट आहेत, रिटायर झाला तेव्हा जॉन स्टॉकटन आणि किड दोघेच त्याच्या पुढे होते. पण २००४-०५ मध्ये ११.५ असिस्टच्या जोडीला त्याचे तीनच्या वर टर्नओव्हरही (समोरच्या टीमला गेलेले बॉल) होते, मॅचमागे. बॉल हातात असणाऱ्याकडून बॉल जाणारच. तुमचे असिस्ट तीन आणि टर्नओव्हर सात असतील तर तुम्ही नॅश नाही, घरी जाऊन बॉल हाताळा.

नो-लुक पास (दुसरीकडे बघत दिलेला पास) आधी शिकणं. नको. दोन हातांचा चेस्ट पास वेळेवर देता येतो का ते आधी दाखवा.

"नॅश डिफेन्स करायचा नाही, तरी चाललं ना?" हे मला दर महिन्याला ऐकायला मिळतं. त्याचा डिफेन्स कमजोर होता हे खरंच आहे. पण त्या बदल्यात तो जे द्यायचा ते तुमच्याकडे आहे का? नसेल तर गुडघे वाकवा आणि बाजूला सरकायला शिका.

सगळं श्रेय एकट्याला देणं. २००३-०४ मध्ये सन्सने २९ मॅच जिंकल्या होत्या, नॅश आल्यावर ६२. पण तिथे स्टाउडमायर आणि शॉन मॅरियन आधीच होते, माइक डी'अँटोनीसारखा पळवणारा कोच होता, आणि त्याच सीझनपासून बाहेरच्या गार्डला हात लावून अडवण्याबद्दलचे नियम लीगने कडक लावायला सुरुवात केली होती. मॅरियन तर १९९८ च्या नॅशच्याच ट्रेडमध्ये सन्सला मिळालेल्या ड्राफ्टच्या निवडीवर आलेला! पॉइंट गार्डचं करिअर सभोवतालच्या माणसांसकट वाचायचं असतं, एकट्याचं काढून वाचलं तर काहीच कळत नाही.

पैशाची गोष्ट अर्धीच सांगणं. २००४ मध्ये डॅलसचा तेव्हाचा मालक मार्क क्यूबन याने ३० वर्षांच्या, पाठ दुखणाऱ्या गार्डला तेवढे पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं, सन्सने सहा वर्षांचा करार दिला. पुढच्याच वर्षी एमव्हीपी. लोक क्यूबनला हसतात, पण पाठ खरंच दुखत होती. स्पॉन्डिलोलिस्थेसिस, म्हणजे मणका जागचा सरकलेला. म्हणूनच बसायची वेळ आली की नॅश खुर्चीवर न बसता बेंचच्या शेजारी जमिनीवर आडवा पडलेला दिसायचा. खाण्यातली साखर सोडली, रोजचे व्यायाम सांभाळले, आणि त्या पाठीवर आणखी आठ सीझन सन्सला दिले. आमच्याकडे वॉर्म-अप म्हटलं की दोन उड्या मारतात आणि डायरेक्ट डंकचा प्रयत्न करतात. चौदा वर्षांच्या पोरांच्या गुडघ्यांना पट्टे बघितले की माझा जीव तुटतो, खरंच.

"रिंग नाही, म्हणजे फेल"

यावर वाद घालायची माझी नेहमी तयारी असते. रिंग म्हणजे चॅम्पियन टीमला मिळणारी अंगठी, आणि नॅश एनबीए फायनल एकदाही खेळला नाही, बरोबर. पण २००७ ची सॅन अँटोनियोविरुद्धची सिरीज बघून मग बोला. पहिल्या मॅचला टोनी पार्करशी टक्कर होऊन नाक फुटलं, रक्त थांबेना म्हणून शेवटच्या मिनिटात बाहेर बसावं लागलं. चौथ्या मॅचला रॉबर्ट हॉरीने त्याला धक्का देऊन स्कोअररच्या टेबलावर आपटलं, ते बघून स्टाउडमायर आणि डियाव बेंचवरून पुढे आले, तेवढ्यावर दोघांना पाचव्या मॅचची बंदी. सन्स सिरीज ४-२ ने हरले. यात पॉइंट गार्डने काय करायला हवं होतं ते मला कुणीतरी सांगा. पोरांना हा माणूस फेल म्हणून शिकवलं तर ती उद्या शेवटचा शॉट बसला की हिरो, नाही बसला की खेळ सोडून देतील.

आणि त्याची शेवटची टीम लेकर्स, तिथली वर्षं बघून मत बनवू नका. २०१२ मध्ये तिथे गेला, दुसऱ्याच मॅचला डेमियन लिलार्डशी धडकून पाय फ्रॅक्चर झाला, पुढे पाठीच्या नसा, २०१३-१४ मध्ये फक्त १५ मॅच, २०१४-१५ मध्ये एकही नाही, मार्च २०१५ मध्ये रिटायर. त्या १५ मॅचमधली एप्रिल २०१४ ची ह्यूस्टनविरुद्धची मिळाली तर मात्र जरूर बघा, ४० वर्षांचा माणूस, पाय ओढत खेळतोय, आणि मार्क जॅक्सनला मागे टाकून असिस्टच्या यादीत तिसरा होतोय. पूर्ण मॅच बघा, क्लिप नको, आणि बघताना आवाज बंद ठेवा म्हणजे कॉमेंटेटर कुठे बघायचं ते तुम्हाला सांगणार नाही.