तिखट मध: करायला घेण्याआधी काय काय बघायचं

तिखट मध म्हणजे सुकी लाल मिरची मुरवून गाळलेला मध. त्यासाठी बरणी कोरडी हवी हे सगळ्यांना ठाऊक असतं, झाकणाकडे मात्र कुणी बघत नाही. मागची खेप झाकणापायीच आंबली, म्हणून यादी तिथूनच सुरू. झाकण आतून पुसलं की कोरडं झालं असं वाटतं, पण पाणी लपतं ते आट्यांमध्ये आणि आत सुटी चकती असेल तर तिच्या मागे. सुरीच्या टोकाने चकती उचलून बघा, धुतल्यावर चार तासांनीही तिथे थेंब चमकताना दिसेल. चकती काढून वेगळी वाळवा, आट्यांतून सुती कापडाचं टोक फिरवा, आणि झाकण आदल्या दिवशी सकाळीच धुऊन उन्हात ठेवा. आयत्या वेळी धुतलेलं झाकण लावायचं नाही.

एका थेंबाने काय होतं? चांगल्या पिकलेल्या मधात पाणी साधारण 17-18 टक्के असतं. तेवढ्यात मधातल्या यीस्टला, म्हणजे मध आंबवणाऱ्या सूक्ष्म पेशींना, हातपाय हलवता येत नाहीत. 20 टक्क्यांच्या वर गेलं की त्या जाग्या होतात. अर्धा किलो मधात एक थेंब म्हणजे काहीच नाही असा हिशोब कागदावर बरोबर दिसतो, पण थेंब सगळ्या मधात मिसळत नाही. पाणी हलकं, मध जड, त्यामुळे झाकणातून पडलेलं पाणी वरच राहतं आणि वरचा पातळ थर तेवढा आंबतो. दोन-तीन आठवड्यांनी कडेला बारीक फेसाची रेघ येते आणि झाकण उघडताना फुस्स आवाज होतो.

आता मध. अर्धा किलो घ्या. मध वजनावर मिळतो आणि बरणी मिलिलिटरवर, हे लक्षात ठेवा: 500 ग्रॅम मध म्हणजे जेमतेम 350 मिलिलिटर. 400 मिलिलिटरची बरणी पुरते. मोठ्या बरणीत वर हवा उरते आणि हवेतला दमटपणा मध ओढून घेतो. आग्या माशीचा रानातला मध चवीला कितीही चांगला असला तरी बरेचदा पातळ असतो, त्यात पाणी जास्त. तो या कामाला नको. महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध किंचित कडवट आणि गडद असतो. तिखटाबरोबर तो छान जातो, पण मिरचीचा लाल रंग त्यात दिसत नाही. बंद बरणी उलटी करून बघा: हवेचा बुडबुडा सावकाश वर चढला तर मध दाट आहे, झपकन वर आला तर दुसरा घ्या. ही परीक्षा दाटपणाची आहे, भेसळीची नव्हे.

मिरची: ब्याडगी 12 ग्रॅम, लवंगी 4 ग्रॅम. ब्याडगीने रंग आणि वास येतो, तिखटपणा लवंगीचा. नुसती लवंगी घातली तर जिभेला झणका बसतो आणि मागे चव काही राहत नाही. वजन काट्यावरच करा, कारण दहा मिरच्या म्हणजे किती हे मिरचीगणिक बदलतं. मिरची पूड नको. ती गाळता येत नाही, मध गढूळ होतो आणि तळाशी गाळ बसतो. देठ काढा, मिरची दोन तुकड्यांत मोडा, बिया झटकून टाका. आतली पांढरी शीर ठेवा, तिखटपणा मुख्यतः तिथेच असतो. हे करताना हातमोजे घाला. डोळ्याला हात लागला तर काय होतं ते सांगायला नको.

मिरची धुवायची नाही, कोरड्या फडक्याने पुसायची. मोडताना कटकन तुटली पाहिजे. वाकली, चिवट लागली तर तिच्यात पाणी आहे. दोन दिवस कडक ऊन द्या किंवा अगदी मंद आचेवर तव्यात दोन-तीन मिनिटं परता. काळी पडू देऊ नका, मध कडू होतो. खिडकी उघडी ठेवा, ठसका घरभर लागतो. आणि परतलेली मिरची पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात बंद करू नका, कारण तिची वाफ कुठे जमते? झाकणाला.

ताजी हिरवी मिरची आणि लसूण, दोन्ही नाही. 50 ग्रॅम ताज्या मिरचीत 40 ग्रॅमच्या वर पाणी असतं. ते मधात उतरलं की पाणी थेट 24 टक्क्यांच्या आसपास जातं. लसणाचं तर आणखी अवघड. मधात बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. दाट मधात ते निपचित पडून असतात, पण लसणाच्या पाण्याने मध पातळ झाला की ती खात्री राहत नाही. याच बीजाणूंमुळे एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, तिखट असो की साधा.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, मध आंबट असतो. मध थेट गॅसवर ठेवायचा नाही, गरम पाण्यावर ठेवायचा, आणि घोळ इथेच होतो. वरचं भांडं खालच्या पातेल्यापेक्षा रुंद हवं, नाहीतर कडेने वर आलेली वाफ मधात उतरते. वर ताट झाकायचं नाही, ताटालाही झाकणासारखंच पाणी सुटतं. जाळीदार सुती कापड टाका. पाण्यात तळाशी बारीक बुडबुडे दिसले की आच कमी करा. मध 60 अंशांच्या आसपास राहू द्या, 70 च्या वर गेला तर फुलांचा वास जातो. उकळी नकोच, मध फेसाळून उतू जातो. मिरची घालून 30 ते 40 मिनिटं ठेवा. विसाव्या मिनिटाला चाखा, दर वेळी नवा कोरडा चमचा घेऊन. मिरचीचा तिखटपणा पाण्यात नीट विरघळत नाही, मधात तो हळूहळू उतरतो आणि जिभेवरही उशिरा कळतो. चाखल्यावर मिनिटभर थांबा, मग ठरवा.

तापवलेला मध खाऊ नये असं आयुर्वेद सांगतो. घरात ते पाळत असतील तर मिरची तशीच मधात घालून बरणी तीन-चार आठवडे कपाटात ठेवा आणि रोज एकदा उलटसुलट करा. तिखटपणा कमी उतरतो. इथे मिरची आणि झाकण दुप्पट काटेकोरपणे कोरडं हवं, कारण मध रोज झाकणाला टेकणार आहे.

गाळणं गरम असतानाच, स्टीलच्या गाळणीतून. कापड मध पिऊन टाकतं. ओतण्याआधी वरच्या भांड्याचा तळ पुसा. त्याला खालचं पाणी लागलेलं असतं आणि भांडं तिरकं केलं की ते ओघळून मधाबरोबर बरणीत जातं. गाळलेल्या मिरच्या फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात चटणीत संपवा.

बरणी धुतल्यावर ओट्यावर पालथी घालू नका, आत वाफ कोंडते. आडवी ठेवा. ओव्हन असेल तर काचेची बरणी थंड ओव्हनमध्ये ठेवून 110 अंशांवर 15 मिनिटं. झाकण ओव्हनमध्ये नाही, झाकण उन्हात. मध भरला की लगेच झाकण लावू नका, कोमट होईपर्यंत कोरडं कापड बांधा. गरम मधावर बंद केलं तर उन्हात वाळवलेलं झाकणही आतून घामाने भरतं.

व्हिनेगर आवडत असेल तर सगळ्या बरणीत नको. दोन चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर घातले तरी 18 टक्के पाणी 19.6 वर जातं. लागेल तेवढा मध वाटीत काढून त्यात थेंबभर घाला.

पावसाळ्यात करू नका. फेब्रुवारी ते मे बरा.

फ्रिज नको, मध लवकर साखरतो. साखरला तर बरणी 40-45 अंशांच्या पाण्यात, पाणी आट्यांच्या खाली, नंतर पुसून मगच उघडा. मुंग्यांसाठी ताटलीत पाणी ठेवून त्यात बरणी उभी करू नका, बरणी घट्ट बंद असेल तर गरजही नाही. लेबलवर तारीख आणि मिरचीचे ग्रॅम.

पहिल्या दिवशी वर पांढरा फेस दिसला तर ती गाळतानाची हवा, चमच्याने काढा. महिन्याने दिसला, काढल्यावर परत आला आणि आंबूस वास असेल तर सगळा टाकून द्या. नवी खेप लावताना झाकण नवं घ्या, जुन्याच्या चकतीत यीस्ट राहते.