गेमिंग लॅपटॉप खूप तापतोय? सॉफ्टवेअरमधून टेम्परेचर सेफली कसं उतरवायचं

गेमिंग लॅपटॉप गरम होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची लिमिट १०० डिग्री असते, एएमडीच्या रायझनची मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५ च्या आसपास, आणि तिथं पोचलं की चिप आपणहून स्पीड कमी करते, जळून बिळून जात नाही. त्रास होतो तो वेगळाच. सतत लिमिटला चिकटून राहिलं की ऐन मोक्याला एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडतात, फॅन कोकलत बसतात, कीबोर्डवर हात ठेववत नाही. आणि माझं ठाम मत आहे की यातली बरीचशी हीट फुकटची असते, म्हणजे तिच्या बदल्यात गेममध्ये आपल्याला काहीच मिळत नसतं, त्यामुळे आधी तीच काढायची आणि व्होल्टेजला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, व्हिडिओवाले तेच आधी करायला सांगत असले तरी.

पहिल्यांदा मोजून घ्या. एचडब्ल्यूइन्फो ६४ हे सेन्सरचे आकडे दाखवणारं ॲप डाउनलोड करा, उघडताना सेन्सर्स ओन्ली वर टिक करा, आणि नेहमीचा गेम अर्धा तास नीट खेळा, कारण पहिल्या पाच मिनिटांचे आकडे काही कामाचे नसतात, हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) तापायला वेळ लागतो. मग सीपीयूचं (प्रोसेसरचं) टेम्परेचर, पॅकेज पॉवर (अख्खी चिप खाते ती वीज) किती वॅट आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे स्पीड कमी होण्याच्या) ओळीत येस आलंय का ते बघा. समजा क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा स्पीड, ४.२ गिगाहर्ट्झवरून २.८ वर येतोय, परत वर जातोय, परत खाली, आणि त्याच वेळी गेम अडखळतोय, तर दुखणं सापडलं. जीपीयूचेही (ग्राफिक्स चिपचे) आकडे लिहून ठेवा. आणि पुढे जे काही कराल ते एका वेळी एकच बदल, मग परत तोच गेम, परत अर्धा तास. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला आणि कशाने क्रॅश झाला ते कळायला मार्ग नाही.

आता सगळ्यात सोपी गोष्ट, एफपीएस कॅप, म्हणजे फ्रेमना वरची मर्यादा घालणं. स्क्रीन १४४ हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलते (हाच रिफ्रेश रेट), आणि गेम २२० एफपीएस काढतोय तर वरचे ७६ फ्रेम बनवायला जीपीयू राबतोय पण ते पूर्ण असे स्क्रीनवर येतच नाहीत. एन्व्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्जमध्ये मॅक्स फ्रेम रेट आहे, तिथं स्क्रीनच्या रिफ्रेश रेटपेक्षा दोन-तीन कमी आकडा टाका. एएमडीवाल्यांना रेडिऑनच्या सॉफ्टवेअरमध्ये असाच ऑप्शन मिळेल, आणि रिव्हाट्यूनर नावाचं फ्रेम कॅप करणारं ॲप तर दोघांनाही चालतं. स्टोरीवाले गेम खेळत असाल तर सरळ ६० किंवा ७५ वर कॅप करून बघा, जीपीयूचे वॅट कसे खाली येतात ते समोरच दिसेल. बऱ्याच गेमचा मेनू कॅप नसेल तर शेकड्यांनी फ्रेम काढत बसतो आणि तुम्ही चहा प्यायला उठलात तरी लॅपटॉप तापतच असतो, तेही याने थांबतं.

पुढचा बदल टर्बो बूस्टचा, आणि माझ्या मते एवढ्या कमी मेहनतीत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. बूस्टमध्ये प्रोसेसर क्लॉक वाढवतो, त्यासाठी त्याला व्होल्टेजही जास्त लागतं, आणि पॉवर जवळपास व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शेवटच्या थोड्याशा स्पीडसाठी भरमसाट हीट मोजावी लागते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा, चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० असेल ते प्लग्ड इनसाठी ९९ करा. आकडा एकानेच कमी झालेला दिसतो पण त्याने बूस्टच बंद होतो. उदाहरणार्थ इंटेलचा आय सेव्हन १०७५० एच, बूस्टला ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, बेस, म्हणजे बूस्टशिवायचा क्लॉक, आहे २.६, तर ९९ केल्यावर तो बेसच्या आसपासच राहतो आणि टेम्परेचर धाडकन खाली येतं. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा सीपीयू आणि जीपीयूचे हीट पाइप एकच असतात, त्यामुळे सीपीयू थंड झाला की जीपीयूलाही बरं वाटतं. जे गेम जीपीयूवर जास्त चालतात त्यात फरक जाणवणारही नाही, पण सीपीयू खाणारे गेम, स्ट्रॅटेजी किंवा कॉम्पिटिटिव्ह शूटर असतील तर एफपीएस पडू शकतात, विशेषतः बेस क्लॉक कमी असलेल्या नव्या प्रोसेसरवर, तेव्हा आपापल्या गेमवर बघूनच ठेवा. नाही पटलं तर परत १००, कुठेही काही बिघडत नाही.

लॅपटॉपसोबत आलेलं कंपनीचं सॉफ्टवेअर लोक उगाच उडवून टाकतात. आर्मरी क्रेट, लेनोवो व्हँटेज, ओमेन गेमिंग हब, एमएसआय सेंटर, जे असेल ते. त्यातला बॅलन्स्ड मोड पॉवर लिमिट कमी करतो आणि परफॉर्मन्स मोडच्या मानाने एफपीएस थोडेच जातात. फॅन कर्व्ह (किती टेम्परेचरला फॅन किती फिरायचा ते) बदलायची सोय असेल तर फॅन जरा लवकर वर जाऊ द्या. बाहेरच्या फॅन कंट्रोल ॲपमधून फॅनचा स्पीड एका आकड्यावर फिक्स मात्र करू नका, ॲप बंद पडलं तर फॅन त्याच कमी स्पीडवर अडकून बसायचा.

एवढं करूनही भागलं नाही तर अंडरव्होल्ट, म्हणजे चिपचं व्होल्टेज कमी करणं. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर त्याच क्लॉकला पॉवर साधारण १९ टक्के कमी लागते, म्हणून लोक याच्या मागे असतात. कमी व्होल्टेजने चिप खराब होत नाही, पण सिस्टिम हँग होते, ब्लू स्क्रीन येतो, आणि तेव्हा सेव्ह न केलेलं काम जातं किंवा फाइल करप्ट होते, म्हणून आधी बॅकअप.

इंटेल प्रोसेसरसाठी थ्रॉटलस्टॉप हे ॲप. त्यातल्या एफआयव्हीआर या व्होल्टेजच्या विंडोमध्ये सीपीयू कोअर आणि सीपीयू कॅश दोन्हीला सारखाच ऑफसेट (मूळ व्होल्टेजमधली घट), सुरुवात उणे ५० मिलीव्होल्टने, मग १०-१० ने पुढे, प्रत्येक वेळी टीएस बेंच ही त्यातलीच टेस्ट आणि वर एखादा जड गेम. क्रॅश झाला की २० ने मागे या आणि तिथंच थांबा, दुसऱ्याचा लॅपटॉप उणे १२० ला चालतो म्हणून तुमचाही चालेल असं नसतं, एकाच मॉडेलच्या दोन चिप्स सारख्या नसतात. टेस्टिंग चालू असताना व्होल्टेज सेव्ह न करणारा ऑप्शन निवडा, मग क्रॅश झाल्यावर रीस्टार्ट केलं की सगळं ओरिजनल. विंडोजसोबत आपोआप सुरू करायचं ते काही दिवस एकही क्रॅश नाही असं झाल्यावरच.

तिथं लॉक्ड दिसलं तर नाद सोडा. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सिक्युरिटीची भानगड बाहेर आली, व्होल्टेज बदलून प्रोसेसरमधला सुरक्षित भाग फोडता येत होता, त्यानंतर बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून बऱ्याच लॅपटॉपवर हे बंद झालं. ते उघडायला जुना किंवा मॉडिफाय केलेला बायोस टाकायचा सल्ला मिळेल, अजिबात ऐकू नका, लॅपटॉप कायमचा डेड होऊ शकतो. तसंच थ्रॉटलस्टॉपमधलं बीडी प्रोकहॉट काढून टाका म्हणतात तेही नको, जीपीयू किंवा बोर्डवरचा दुसरा पार्ट तापला की सीपीयूला स्लो करणारा सिग्नल तोच आहे.

जीपीयूसाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे ॲप. आधी गेममध्ये कार्ड (म्हणजे जीपीयू) किती क्लॉकला आणि किती व्होल्टेजला चालतंय ते लिहून घ्या, समजा १७५० मेगाहर्ट्झ आणि ९५० मिलीव्होल्ट. कोअर क्लॉकचा स्लायडर उणे २०० वर न्या, कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह उघडा, बरोबर ८५० मिलीव्होल्टचा ठिपका पकडून १७५० पर्यंत वर ओढा आणि अप्लाय. पुढची रेघ सपाट झाली म्हणजे जमलं, कार्ड आता ८५० च्या वर जाणारच नाही. गेममध्ये चमकणारे ठिपके दिसले किंवा ड्रायव्हर रीसेट झाला तर व्होल्टेज २५ ने वाढवा किंवा क्लॉक थोडा उतरवा. स्टार्टअपला अप्लाय करायचं बटण इथंही शेवटीच दाबायचं.

आणि बूस्ट बंद असताना, नुसत्या ब्राउझरवर सुद्धा सीपीयू ९० च्या पुढे जात असेल तर सॉफ्टवेअरचं काम संपलं, आत धूळ साचलीय, चिपवरची थर्मल पेस्ट सुकलीय नाहीतर फॅन गेलाय, लॅपटॉप उघडून साफच करून घ्यावा लागेल.