वाळवणाचा फोटो आणि कोपऱ्यातली छत्री : घरगुती छायाचित्रांमागच्या गोष्टी कशा लिहाव्यात आणि कशा पाठवाव्यात

कॅमेऱ्यात रोल घालावा लागत असे त्या काळात एका रोलवर, कॅमेऱ्याच्या प्रकाराप्रमाणे, बारा किंवा छत्तीस छायाचित्रे निघत आणि ती बारसे, मुंज, लग्न अशा प्रसंगांसाठी राखून ठेवली जात. गच्चीवर घातलेल्या कुरडयांवर एक फोटो खर्च करावा असे सहसा कोणाच्या मनात येत नसे. आता एकाच वाळवणाचे वीस फोटो फोनमध्ये असतात, परंतु चीक कोणी घाटला आणि सोऱ्या कोणाकडून मागून आणला, हे त्या विसांपैकी एकाही फोटोत दिसत नाही. ते लिहून फोटोबरोबर नातेवाइकांना पाठवायचे असेल तर पुढील क्रमाने काम करावे.

सुरुवात निवडीपासून करावी आणि एका वेळी एकच फोटो घ्यावा. चाळीस फोटो एकदम पाठवले की पाहणारा अंगठ्याने ते सरकवत जातो आणि शेवटी दोन हात जोडलेले चिन्ह टाकून मोकळा होतो. सर्वांत सुंदर फोटो निवडण्याची आवश्यकता नाही. जो पाहून बाहेरचा माणूस ‘हे काय आहे?’ असे विचारील, तो निवडावा. आमच्या वाळवणाच्या फोटोंपैकी मी जो निवडला त्यात कुरडया थोड्या अस्पष्ट आल्या आहेत, पण कोपऱ्यात एक उघडी काळी छत्री आहे.

त्यानंतर मजकूर लिहावा. ‘उन्हाळी वाळवण, खूप मजा आली’ या ओळीतून फोटोत दिसते त्यापलीकडे काहीही कळत नाही. त्याऐवजी मी असे लिहिले : ‘गहू तीन दिवस भिजत होते. चौथ्या दिवशी पहाटे आईने चीक शिजवला आणि आत्याने कुरडया पाडल्या. कावळ्यांसाठी बाबांची छत्री उघडून ठेवली होती आणि राखणीला भाच्याला बसवले होते. त्याला छत्रीच्या सावलीत डुलकी लागली. कावळे आले नाहीत, पण खालच्या मजल्यावरची मुले आली आणि ओल्या कुरडयांची एक ओळ संपवून गेली.’ फोटोत दिसणाऱ्या एखाद्या वस्तूपासून आरंभ करून न दिसणाऱ्या गोष्टीकडे जावे, पाच-सहा वाक्यांत थांबावे आणि ‘अविस्मरणीय क्षण’, ‘आठवणींचा खजिना’ हे शब्द निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांसाठी सोडून द्यावेत. घरात जो शब्द वापरतात तोच लिहावा. आजी ‘घाटला’ म्हणत असेल तर आपण तेथे ‘ढवळला’ करू नये.

नावे लिहिताना मात्र घाई करू नये, कारण सर्वाधिक घोटाळे येथेच होतात. ‘ताई, माई आणि बंडू’ एवढे लिहिले तर आज सर्वांना कळते, परंतु घरोघरी एक ताई आणि एक माई असल्यामुळे पुढच्या पिढीला त्यातून काहीच उमगत नाही. डावीकडून उजवीकडे, बसलेले आधी आणि उभे असलेले नंतर, या क्रमाने प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि नाते लिहावे. मराठी घरांत आणखी एक अडचण असते. अनेक कुटुंबांत लग्नाच्या वेळी ताटातील तांदळांत नवे नाव लिहून वधूचे आडनावच नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलत असत. त्यामुळे माहेरच्या अल्बममधील मुलगी आणि सासरच्या अल्बममधील सून या एकच आहेत, हे नातवंडांना फोटोवरून समजण्याचा मार्ग उरत नाही. अशा स्त्रियांची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावे आवर्जून नोंदवावीत.

जुन्या छापील फोटोची गोष्ट हवी असेल तर तो प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढून, खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता फोनने टिपावा. मागची बाजूही टिपावी, कारण तेथे स्टुडिओचा शिक्का किंवा कोणाचे हस्ताक्षर सापडू शकते. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. नंतर घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि ‘यात कोण कोण आहे?’ याबरोबर ‘हा फोटो काढला कोणी?’ हेही विचारावे. काढणारा चौकटीबाहेर उभा असतो आणि गोष्ट पुष्कळदा त्याच्याकडून सुरू होते. बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करायचे असल्यास आधी सांगावे.

पाठवण्यापूर्वी फोटोतील माणसांची परवानगी घ्यावी. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही तितक्याच आदराने विचारावे. मुलांच्या बाबतीत गणवेश, शाळेची पाटी आणि घराचा पत्ता दिसत नाही ना, हे पाहावे.

प्रत्यक्ष पाठवताना तांत्रिक बाबी थोड्याच आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो आणि तो काढल्याची तारीख व ठिकाण यांची माहिती फाइलमधून गळून पडते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची असेलच असे नाही. म्हणून तारीख मजकुरातच लिहावी. छपाईसाठी मूळ प्रत हवी असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, मात्र त्या फाइलबरोबर घराचे अक्षांश-रेखांशही जाऊ शकतात, हे लक्षात घेऊन मोठ्या गटात तसे करणे टाळावे. शिवाय फोटोखाली लिहिलेला मजकूर फाइलमध्ये शिरत नाही. फोटो गॅलरीत उतरतो आणि गोष्ट गप्पांतच मागे राहते. तिची एक प्रत वहीत ठेवावी. फोटो छापून घेतला तर मागे बॉलपेनने दाबून लिहू नये, त्याचा वळ पुढे उमटतो. मऊ पेन्सिलने कडेला लिहावे आणि गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर फोटो ज्या पाकिटात ठेवायचा त्या पाकिटावर आधीच लिहून घ्यावे.

शेवटचे काम उत्तरे आल्यावरचे. कुरडयांचा फोटो गेला त्याच संध्याकाळी आत्याने कळवले की ती छत्री बाबांची नव्हती, ती आदल्या पावसाळ्यात पाहुण्यांकडून आमच्याकडे राहिली होती. अशी दुरुस्ती आली की आपला मजकूर खोडू नये. त्याखाली सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून ती जोडावी. बाबांनी अजून आपले म्हणणे सोडलेले नाही, त्यामुळे आमच्या वहीत त्या छत्रीचे सध्या दोन मालक आहेत.