बुजऱ्या मांजराला नवं घर शोधताना या चुका टाळा

ठमी आमच्या शेल्टरमध्ये आली तेव्हा सहा वर्षांची होती. ज्या आजींनी तिला वाढवलं, त्यांना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मुलाकडे राहायला जावं लागलं आणि त्या घरात दम्याचा पेशंट होता. पहिले अकरा दिवस आम्हाला ठमीची फक्त पाठ दिसली. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ती बसायची. शेजारची पिल्लं आठवड्याभरात दत्तक गेली. ठमीला घर मिळायला सात महिने लागले आणि त्यातले निदान चार आमच्या चुकांमुळे गेले. पुण्यात या कामात असलेल्या इतरांकडूनही त्याच चुका होताना पाहते, म्हणून हे लिहितेय.

सोडायला आलेल्याला झापणं

राग येतो, मलाही येतो. पण बोलणी खाऊन तो माणूस मान खाली घालून निघून जातो आणि मांजराच्या आयुष्याची सगळी माहिती सोबत घेऊन जातो. प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा रीतीनं विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. तुमच्या दारात आलेल्या माणसानं तसं केलेलं नाही, तो मांजर घेऊन तुमच्यापर्यंत आलाय. त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा. हाक काय मारता? जेवण किती वाजता, कुठल्या भांड्यात? शी-शू लिटरमध्ये (ट्रेमध्ये घालायच्या तयार दाण्यांत) करते, मातीत की बाथरूमच्या मोरीत? घरात लहान मुलं होती का, कुत्रं होतं का? कशानं दचकते: कुकरच्या शिट्टीनं, मिक्सरनं, दाराच्या बेलनं? नसबंदी झालीय का, लशींचं कार्ड कुठे आहे? आणि तिची अंथरायची चादर मागून घ्या, न धुतलेली. त्या चादरीत तिचं घर असतं.

ठमीच्या वेळी आम्ही यातलं काहीच विचारलं नाही. दोन महिन्यांनी आजींना फोन केला तेव्हा कळलं की तिची ताटली कायम स्टुलावर असायची आणि ‘ठमे, ये गं’ म्हटल्याशिवाय ती जेवायला येत नसे. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा माझ्यासमोर खाल्लं.

दिसावी म्हणून लपायची जागा काढून घेणं

आम्ही हेच केलं. लोक बघायला येतात आणि मांजर खोक्यात, म्हणून खोका काढला. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली शेल्टरमध्ये नव्यानं आलेल्या १९ मांजरांवर हेच तपासलं होतं. १० मांजरांना लपायला खोका दिला, ९ जणांना दिला नाही. खोका मिळालेल्यांचा ताण लवकर उतरला. ज्याला लपता येतं, तेच बाहेर यायचं धाडस करतं. म्हणून पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, पिंजऱ्याचा अर्धा भाग कापडानं झाका, जमल्यास पिंजरा उंचावर ठेवा आणि कुत्र्यांच्या आवाजापासून लांब.

पिंजऱ्यातलं वागणं म्हणजेच स्वभाव, असं समजणं

माणसांची सवय पिल्लांना साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात लागते. त्या काळात माणूसच न पाहिलेलं मांजर वेगळं, आणि सहा वर्षं आजींच्या पायाशी झोपलेलं, आता भेदरलेलं मांजर वेगळं. दोन्ही फिसकारतात, दोन्ही पंजा मारतात. पण दुसऱ्याच्या कार्डावर ‘आक्रमक’ लिहिलंत की ते कार्ड वाचून लोक पुढे जातात. आधी डॉक्टरांकडून दात, कान, त्वचा तपासून घ्या, कारण दुखणारं मांजरही असंच वागतं. मग शक्य असेल तर कुणाच्या तरी घरी, एका शांत खोलीत, फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं, ठेवा. माझ्या अनुभवात याहून मोठा उपाय नाही. पिंजऱ्यात दोन महिन्यांत जे कळत नाही, ते घरात दोन आठवड्यांत कळतं.

जवळ जाताना डोळ्यांत रोखून बघू नका. जमिनीवर, थोडं तिरकं बसा आणि डोळे सावकाश मिटून उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात असं केल्यावर मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देताना आणि पुढे केलेल्या हाताकडे जास्त येताना दिसली.

जाहिरातीत खोटं लिहिणं

‘खूप लाडाळ आहे, कुशीत येते’ असं ठमीबद्दल आम्ही लिहिलं. मनात होतं की घर मिळालं की होईलच लाडाळ. एका जोडप्यानं तिला नेलं आणि नवव्या दिवशी परत आणलं. माणसं वाईट नव्हती. त्यांना मांडीवर बसणारं मांजर हवं होतं आणि आम्ही ते कबूल केलं होतं. ठमी मात्र आणखी एका घराचा वास अंगावर घेऊन पुन्हा त्याच कोपऱ्यात गेली.

जे आहे ते लिहा, पण नेमकं लिहा. ‘लाजाळू’ या एका शब्दातून काही कळत नाही. ‘उचललेलं आवडत नाही. माणूस पुस्तक वाचत बसला की हातभर अंतरावर येऊन बसते. उकडलेल्या चिकनच्या वासाला बाहेर येते’ यातून मांजर दिसतं. फोटो गजांमधून आणि फ्लॅश मारून काढू नका. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर या, खिडकीचा उजेड घ्या. चांगला फोटो मिळायला तीन संध्याकाळी लागल्या तरी लागू द्या.

‘मी घेतो’ म्हणणाऱ्या पहिल्याच माणसाला देणं

बुजऱ्या मांजरासाठी फोन कमी येतात, त्यामुळे आलेला फोन सोडवत नाही. तरी घर बघून या आणि घरातल्या सगळ्यांशी बोला. एकाला हवं आणि बाकीचे गप्प, अशा घरातून मांजर परत येतं. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी विचारा. खिडक्यांना जाळी आहे का ते हात लावून बघा. लोखंडी ग्रिलमधून मांजर सहज बाहेर पडतं आणि कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी चावून फाडू शकतं.

पूर्ण शाकाहारी घर असेल तर मांजराला काय खायला देणार, हे संकोच न करता विचारा. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून किंवा तयार कॅटफूडमधून मिळतं. त्याच्या कमतरतेनं दृष्टी जाते आणि हृदय कमकुवत होतं. दूध-पोळीवर मांजर जगवता येत नाही. पाकिटातलं कॅटफूड घरात चालणार असेल तर शाकाहारी घरही उत्तम घर असू शकतं.

भेटीच्या वेळी मांजराला ओढून बाहेर काढून दाखवू नका. येणाऱ्यांना अर्धा तास नुसतं बसायला सांगा. जे कंटाळून मोबाइल काढतात आणि जे हळू आवाजात आपसात बोलत राहतात, त्यांच्यातला फरक तिथेच कळतो.

चुकीचा मुहूर्त, चुकीचा प्रवास

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात किंवा घराजवळ ढोल-ताशांचा सराव चालू असताना बुजरं मांजर नव्या घरी पाठवू नका. पंधरा दिवस थांबा. नेताना पिशवी किंवा पुठ्ठ्याचा खोका नको, नीट बंद होणारं कॅरिअरच हवं, वर टॉवेल टाकून. ते लिफ्टमध्ये किंवा पॅसेजमध्ये उघडू नका. एका छोट्या खोलीत, दार-खिडक्या बंद करून उघडा. त्याआधी फ्रिजमागची, वॉशिंग मशीनमागची आणि दिवाणाखालची फट बंद करा, नाहीतर ते अशा जागी शिरतं की काढताना दोघांनाही जखमा होतात. लपायला तुम्ही निवडलेली जागा द्या. घरात आधीचं मांजर असेल तर निदान काही दिवस एकमेकांना दाखवूच नका, आधी अंथरुणांची अदलाबदल करून वासाची ओळख होऊ द्या.

‘आता काय करू?’ असे फोन

*खात नाही.* पहिल्या दिवशी कमी खाणं चालतं. पूर्ण २४ तास काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं. ‘घाबरलंय, खाईल’ म्हणून तीन-चार दिवस थांबू नका. जुनंच खाणं, जुन्याच वेळेला, वासासाठी थोडं कोमट करून द्या.

*लिटरमध्ये जात नाही.* ट्रे जेवणापासून लांब आणि कोपऱ्यात ठेवा. लिटर जुन्या घरातलंच वापरा. बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर ताबडतोब दवाखाना गाठा, रात्र असली तरी. लघवीचा मार्ग तुंबला असेल तर सकाळपर्यंत थांबणं धोक्याचं आहे.

*निसटून गेली.* सगळी सोसायटी हाका मारत फिरली की मांजर आणखी आत शिरतं. बुजरं मांजर बहुधा लांब जात नाही. पार्किंगमधल्या गाड्यांखाली, मीटरच्या खोलीत, जिन्याखाली, डक्टमध्ये बघा. रात्री दोननंतर, सगळं शांत झाल्यावर, एकट्यानं टॉर्च घेऊन जा. डोळे चमकतात. ज्या हाकेला ती ओळखते तीच हाक, हळू आवाजात.

*परत आणावीशी वाटते.* चौथ्या दिवशी असा फोन आला तर बहुतेक वेळा घाई होतेय. आम्ही आता तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात आपणहून फोन करतो, म्हणजे लोक एकटे पडत नाहीत. पण खरंच जमत नसेल तर परत घ्या, अपराधी वाटू न देता, आणि त्या घरात काय दिसलं ते लिहून घ्या. ठमीला परत आणणाऱ्या ताई निघताना म्हणाल्या होत्या, ‘दिवसभर कपाटामागे असते, पण रात्री एक वाजला की खिडकीत येऊन बसते.’ पुढच्या जाहिरातीत आम्ही हेच वाक्य पहिलं टाकलं. फोन आला तो एका नाइट शिफ्टवाल्या मुलाचा. तो रात्रभर घरूनच काम करतो, खिडकीशेजारी टेबल लावून. जाळी आम्ही जाऊन तपासली, आणि ताटली स्टुलावर ठेवायला सांगितलं.