मोडलं तर काय हुतंय? पाळणुका लिहून घ्यायची रीत

गावातल्या पाळणुका, म्हणजे अमुक करायचं नाही अशी पाळली जाणारी बंधनं, टिपायला निघाला असाल तर "असं का पाळता?" हा प्रश्न घरीच ठेवून या. पहिली दोन वर्षं मी तोच विचारत हिंडले. आजऱ्याकडं जा नाहीतर चंदगडकडं, उत्तर ठरलेलं: "पहिल्यापास्नं हाय." वही कोरी.

विचारायचं ते, "मोडलं तर काय हुतंय?" मग माणसं खुलतात.

नागपंचमीला चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, नांगर धरायचा नाही. म्हणून तर पुरणाची दिंडं उकडायची. नांगराखाली नागाची पिल्लं मेल्याची कहाणी सगळ्यांना पाठ. पण राखण कहाणी थोडीच करते? ती सासू करते. आमच्या आजीनं विळी आदल्या रात्रीच माळ्यावर टाकलेली असायची. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैल जुंपला तर शेजारी तोंड सोडतात. देवराईत कोयता चालला तर गाऱ्हाणं गुरवाकडं. गावानं वार पाळायचं ठरवलं आणि कुणी रानात गेलं, तर दंड.

म्हणून वहीत चार रकाने आखा: काय पाळतात, कुणी पाळायचं, मोडलं तर कोण बघतं, सुटका कशी.

दुसरा आणि चौथा रकाना मला सुचला नायजेरियाच्या डेल्टा राज्यातल्या उऱ्होबो लोकांबद्दल वाचून. बायकोनं परपुरुषाशी संबंध ठेवला तर एरिविन, म्हणजे पूर्वज, आजारपण धाडतात आणि कबुली दिल्याशिवाय ते उतरत नाही, अशी त्यांची जुनी समजूत. ना साक्षीदार, ना चावडी. नवऱ्याला मात्र हा नियम नाही! तेव्हापासून मी "हे गड्यांनाबी हाय का?" असं हमखास विचारते.

बायकांशी परड्यात, एकेकटीशी बोला. विटाळाचा विषय पुरुषांसमोर काढूच नका.

"वाळीत टाकतात" असं कानावर आलं तर कुटुंबाचं, गल्लीचं नाव वहीत नको. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या घराला तक्रार करायची असेल तर कायद्याची माहिती द्या. पुढचं त्यांनी ठरवायचं.

आणि दंडाच्या आकड्यापुढं साल टाका. एका म्हातारबांनी मला दंड सांगितला एक नारळ. बाहेर पडताना त्यांचा नातू म्हणाला, "आता पाचशे हाईत."