आइंडहोव्हनहून ग्रँड रॅपिड्सला: डच सवयींसकट अमेरिकी उपनगरात बस्तान कसं बसवावं

आइंडहोव्हनची कुणी मैत्रीण "आमचंही अमेरिकेचं ठरलं" असं कळवते, तेव्हा मी अभिनंदनाच्या आधी विचारते, "पोरांना कांजिण्यांची लस दिलीय का?" तिला वाटतं हिचं डोकं फिरलंय. पण नेदरलँड्सच्या सरकारी लसीकरणात ही लस नाहीच. तिथे एखाद्या घरात कांजिण्या आल्या की शेजारीण आपलं पोर मुद्दाम खेळायला पाठवते, एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून. मिशिगनमध्ये, म्हणजे ग्रँड रॅपिड्सच्या राज्यात, किंडरगार्टनला नाव घालताना या लसीचे दोन डोस किंवा कांजिण्या होऊन गेल्याची नोंद मागतात. गोवर-गालगुंडाच्या लसीचाही दुसरा डोस लागतो, आणि आमच्या मुलांच्या वेळी तो नेदरलँड्समध्ये नवव्या वर्षी मिळायचा. म्हणजे पाच-सहा वर्षांचं, सगळं वेळापत्रक पाळलेलं डच पोर इथे शाळेच्या कागदावर अर्धवट लस घेतलेलं ठरतं. तेव्हा लसींची नोंद इंग्रजीत मागून घ्या आणि राहिलेले डोस जमल्यास निघण्याआधीच द्या.

मी मूळची सांगलीची, नवरा ब्राबांटचा. संसाराची पहिली वर्षं आइंडहोव्हनला गेली, आता ग्रँड रॅपिड्सच्या बाहेर एका वसाहतीत राहतो. नेदरलँड्समध्ये नाव एकदा गेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, नोंदवलं की बाकीचं यंत्र आपोआप फिरायला लागतं. इथे प्रत्येक चाक तुम्हाला स्वतः फिरवावं लागतं, आणि तेही ठरावीक क्रमाने. खाली सांगतेय तो क्रमच.

निघताना गेमेंटेतून नाव कमी करून घ्या. वर्षभरात आठ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहणार असाल तर ते बंधनकारकच आहे, आणि निघण्याच्या आधीच्या पाच दिवसांत करता येतं. डिजिडीचं (सरकारी कामांसाठीच्या डच ऑनलाइन ओळखीचं) ॲप फोनवर चालू ठेवा, डच नंबर लगेच सोडू नका; देश सोडल्याच्या वर्षाचा टॅक्सचा फॉर्म, एम-बिल्येट, भरताना त्याची गरज पडते. तिथे राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे एओडब्ल्यू या सरकारी म्हातारपणच्या पेन्शनचे दोन टक्के तुमच्या नावावर जमा आहेत, ते कागद जपा. गाडीच्या विमा कंपनीकडून अपघातविरहित वर्षांचं पत्र इंग्रजीत घ्या. इथल्या काही कंपन्या ते मानतात आणि नवख्या माणसाचा हप्ता थोडा सुसह्य होतो. डच बँकेतलं एक खातं राहू द्या, पण परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर अमेरिकन सरकारला एफबार नावाचा वेगळा फॉर्म भरून कळवावं लागतं.

सांगलीहून नेदरलँड्सला नेलेला मिक्सर मात्र नेऊ नका. तो 230 व्होल्टचा, इथे 120. इथल्या इंडियन दुकानात इथल्या व्होल्टेजचा मिक्सर मिळतो. लॅपटॉप-फोनचे चार्जर चालतात, फक्त पिन बदला.

आता आपल्यासारख्यांसाठी खास. हातात डच पासपोर्ट आहे म्हणून ग्रीन कार्ड लवकर मिळेल असं समजू नका. तिथे नागरिकत्व नाही, जन्मदेश बघतात. जन्म सांगलीचा म्हणजे रांग भारताची, पासपोर्ट कुठलाही असो. पण नवरा किंवा बायको नेदरलँड्समध्ये जन्मलेली असेल तर तिच्या जन्मदेशाच्या रांगेत जोडीने उभं राहता येतं. नोकरी देणाऱ्याच्या वकिलाला हे पहिल्याच बैठकीत सांगा; आमच्या वकिलाने आपणहून विचारलं नव्हतं.

पोचल्यावर आधी सोशल सिक्युरिटी नंबर, मग बँक, आणि बँकेत बसल्याबसल्याच क्रेडिट कार्ड. या क्रेडिटच्या भानगडीत डच माणसाचं सगळ्यात जास्त डोकं दुखतं. नेदरलँड्समध्ये कर्ज नसणं म्हणजे अब्रू. बीकेआरच्या, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाव नसलं की गृहकर्ज देणारी बँक खूश. इथे उधारीचा इतिहास नसलेला माणूस बँकेला दिसतच नाही. ही पत मोजणारा क्रेडिट स्कोअर 300 ते 850 असतो आणि त्यात पगाराला काही स्थान नाही. आमचे डच महाशय, आयुष्यात कुणाचा एक युरो थकवला नाही, फोनच्या दुकानात "डिपॉझिट भरा" ऐकून लालबुंद झाले होते. उपाय सोपा आहे. सुरुवातीला पाचेकशे डॉलर तारण ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड घ्या. किराणा आणि पेट्रोल त्यावर टाका, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवा, आणि दर महिन्याला पूर्ण रक्कम आपोआप भरली जाईल अशी सोय करा. दोघांच्या नावाने वेगवेगळी कार्डं घ्या, नाहीतर एकाचाच इतिहास तयार होतो आणि दुसरा तसाच कोरा राहतो. चेकबुकही मागून घ्या. हसू नका. शाळेच्या सहलीचे पैसे आणि छत दुरुस्त करणारा माणूस, दोघांनाही अजून चेक लागतो.

लायसन्सचे नियम राज्यागणिक वेगळे. मिशिगनमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात होतं. नाव भारदस्त आहे, आत आपल्या आरटीओसारखीच खुर्च्यांची रांग. आधी वेळ घेऊन जा, पत्त्याचे दोन पुरावे न्या.

रस्त्यावर दोन-तीन गोष्टी नव्याने शिकायच्या. चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी जातो. एकदमच आले तर उजवीकडचा. चाक पूर्ण थांबलं पाहिजे, डच पद्धतीने हळू करून सटकणं चालत नाही. लाल दिव्यालाही पूर्ण थांबून, मनाई नसेल तर उजवीकडे वळता येतं. मोठ्या दुभाजकाच्या रस्त्यावर कित्येकदा थेट डावीकडे वळूच देत नाहीत. पुढे जाऊन यू-टर्न घेऊन यायचं. याला मिशिगन लेफ्ट म्हणतात, आणि पहिल्यांदा जीपीएस तसं सांगतो तेव्हा तोच बिघडलाय असं वाटतं.

पण खरी सवय करायची ती पिवळ्या स्कूलबसची. सकाळी पावणेआठला आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती येते. आधी पिवळे दिवे लुकलुकतात, म्हणजे वेग कमी करा. मग लाल दिवे लागतात, ड्रायव्हरच्या बाजूने स्टॉपची छोटी पाटी बाहेर येते, आणि रस्त्यावरचं सगळं जागच्या जागी थांबतं. मागच्या गाड्या तर थांबतातच, समोरून येणाऱ्याही. निदान वीस फूट लांब थांबायचं. मधे दुभाजक असेल तरच समोरच्यांना सूट. पोर दप्तर सावरत, मधेच वाकून हातमोजा उचलत बसमध्ये चढतं, कुणी हॉर्न वाजवत नाही. पाटी आत गेल्याशिवाय हलायचं नाही.

सायकली आणायच्या असतील तर आणा, पण बाकफिएट्समधून (पुढे पेटी असलेल्या डच सायकलीतून) पोरांना शाळेत सोडायचं स्वप्न सोडून द्या. रस्ते तसे बांधलेलेच नाहीत. शनिवार-रविवारी मात्र मजा येते: कॉमस्टॉक पार्कहून थेट कॅडिलॅकपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर व्हाइट पाइन ट्रेल आहे. सपाट, त्यामुळे डच गुडघ्यांना तक्रार नाही.

दवाखान्याचं. नेदरलँड्समध्ये हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जायला वेगळे पैसे पडत नाहीत आणि बाकी उपचारांत वर्षाचे 385 युरो खिशातून गेले की विमा पुढचं बघतो. इथे तो खिशातला आकडा बहुतेक योजनांत हजारांत असतो, आणि तो संपल्यावरही टक्केवारी चालू राहते. त्यामुळे योजना निवडताना मासिक हप्त्याइतकाच वर्षाचा कमाल खर्च किती, तो आकडा बघा. डॉक्टर नेटवर्कमधला, म्हणजे विमा कंपनीच्या यादीतला, आहे का हे दवाखान्याला नव्हे, विमा कंपनीला विचारा. लेकीचं मनगट दुखावलं तेव्हा एका एक्स-रेची तीन पाकिटं घरी आली: एक हॉस्पिटलचं, एक तपासणाऱ्या डॉक्टरचं, एक फिल्म वाचणाऱ्याचं. त्याआधी विमा कंपनीचा एक कागद आला होता, त्यावर ठळक लिहिलेलं की हे बिल नाही. तो फेकू नका. बिल आलं की त्या कागदाशी ताडून बघा, आकडे जुळले तरच भरा, नाही जुळले तर तपशीलवार बिल मागा. फोनवर अर्धा तास जाईल, पण रक्कम कमी होते, आमची झाली. जीवावरचं नसेल तर इमर्जन्सीऐवजी अर्जंट केअरला (किरकोळ तातडीसाठीच्या दवाखान्यात) जा, खर्चात फार मोठा फरक पडतो.

घराचं थोडक्यात. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा फिल्टर दर दोन-तीन महिन्यांनी बदला. गवत वाढू दिलंत तर टाउनशिपची चिठ्ठी येऊ शकते. फुटपाथवरचा बर्फ काढायची जबाबदारी घरमालकाची की नाही, ते आपल्या गावाच्या नियमांत आधी बघून घ्या. फाटकाजवळच्या टपालपेटीला लाल झेंडा असतो. तो उभा केला की पोस्टमन तुमचं पत्र घेऊन जातो. पत्र टाकायला बाहेर जावं लागत नाही, याचं मला अजून कौतुक आहे. नेदरलँड्समध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाराला भोंगा वाजायचा आणि कुणी मान वर करायचं नाही. इथेही भोंग्याची चाचणी होते, पण चाचणीची वेळ नसताना वाजला तर तो टोर्नेडोचा. खाली बेसमेंटमध्ये जायचं, खिडकीत उभं राहून बघायचं नाही.

डच माणसाला पश्चिम मिशिगनमध्ये परकं वाटायचं कारण नाही. 1847 साली व्हान राल्टे नावाच्या पाद्र्यामागून आलेल्या लोकांनी इथून जवळच हॉलंड नावाचं गाव वसवलं. तिथे नेदरलँड्सहून आणलेली, अजून पीठ दळणारी पवनचक्की आहे. ज्या मायर दुकानात आम्ही किराणा भरतो ते 1934 मध्ये हेंड्रिक मायर नावाच्या डच न्हाव्याने सुरू केलं. तिथे हाखेलस्लाख (पावावर भुरभुरायचा चॉकलेटचा चुरा) शोधत फिरू नका, त्यासाठी डच दुकानं वेगळी आहेत. पण सोड्याचे कॅन परत देणारी यंत्रं दाराशीच असतात: प्रत्येकी दहा सेंट. स्टाटीखेल्टची, म्हणजे बाटली परत देऊन अनामत घ्यायची, डच सवय इथे कामी येते. पोरांचा पॉकेटमनी आमच्याकडे त्यातूनच निघतो.

माणसं जोडायचं काम सगळ्यात सावकाश होतं. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. शेजारी दिसतच नाही. फुटबॉलच्या मैदानाकडेला घडीची खुर्ची घेऊन बसा, तिथे ओळखी होतात. कुणी "एकदा भेटूया" म्हणालं तर बहुतेक नवखे नुसतं हसून सोडून देतात. माझा नवरा तिथल्या तिथे फोन काढून तारीख विचारतो. मला आधी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण लोक येतात, आणि येताना काहीतरी भाजून आणतात! खर्चाचा हिशोब करून दुसऱ्या दिवशी टिकी (फोनवरून पैशांची मागणी) पाठवायची डच रीत मात्र इथे आणू नका. मराठी मंडळ हवं असेल तर डेट्रॉइट, अडीच तासांची गाडी.

शेवटचं, पाहुण्यांचं. सासूबाई डच पासपोर्टवर इस्टा (व्हिसाशिवाय येण्याची ऑनलाइन परवानगी) भरून येतात, 90 दिवस राहतात. ती मुदत वाढत नाही. सांगलीच्या आई-बाबांना मात्र मुंबईत मुलाखत देऊन व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो, तेव्हा त्यांचं सहा-आठ महिने आधीपासून धरा. दोघांचाही आरोग्यविमा ते विमानात बसायच्या आधी घ्या, आणि जुने आजार त्यात धरलेत का ते नीट वाचा. बोलवायचं मे महिन्यात: ट्युलिप फुललेले असतात, आणि बाबांना सकाळी फिरायला जायला स्वेटर पुरतो.