कुरकुरीत चीज पॅटिस : पाण्याचा हिशेब सांभाळून

कोल्हापुरात पॅटिस म्हटले की काहींच्या डोळ्यांसमोर बेकरीतला पापुद्र्यांचा खारा प्रकार येतो, तर काहींना रगड्याखाली झाकलेली बटाट्याची मऊ टिक्की आठवते. येथे सांगितलेला पदार्थ या दोहोंपेक्षा वेगळा आहे : बाहेरून कडक, आतून मऊ आणि मधोमध वितळलेले चीज असलेला तळलेला बटाट्याचा पॅटिस. तो घरी बिघडतो तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे नको तेथे राहिलेले पाणी. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की तळलेला पदार्थ ताटात येईपर्यंत मऊ पडतो. म्हणून पाण्याकडे सुरुवातीपासूनच लक्ष द्यावे लागते.

आठ पॅटिससाठी अर्धा किलो बटाटे आणि प्रक्रिया केलेल्या चीजचे २५ ग्रॅमचे चार क्यूब पुरेसे होतात. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत बटाटे घेताना पातळ सालीचे, नखाने सहज सोलले जाणारे नवे बटाटे टाळावेत. त्यांत पाणी जास्त व पिष्ट कमी असते, त्यामुळे ते उकडल्यावर चिकट होतात. जाड सालीचा, उकडल्यावर पिठूळ होणारा जुना बटाटा या कामास योग्य. बटाटे फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय असल्यास तीही सोडावी, कारण थंडीत बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते आणि असा बटाटा तळताना लवकर काळपट पडतो.

बटाटे सालीसकट आणि न कापता शिजवावेत. कुकरमध्ये ते पाण्यात बुडवून ठेवण्यापेक्षा, तळाशी पाणी घालून वर जाळीच्या भांड्यात ठेवले, तर वाफेवर शिजतात आणि पाणी पीत नाहीत. मध्यम आकाराच्या बटाट्यांना तीन-चार शिट्ट्या लागतात. कुकर उघडताच ते बाहेर काढून गरम असतानाच सोलावेत आणि ताटात पसरून ठेवावेत, म्हणजे उरलेली वाफ निघून जाते. त्यानंतरची पायरी सर्वांत नाजूक आहे. उकडलेला बटाटा मिक्सरमध्ये फिरवला किंवा जोराने मळला तर त्यातील पेशी फुटून पिष्ट बाहेर येते आणि सारणाचा डिंक होतो. मग कितीही तळले तरी आतला भाग चिवटच लागतो. बहुतेक घरांत पुरणयंत्र असते आणि ते होळीखेरीज फारसे बाहेर निघत नाही. बटाट्यासाठी त्याच्याइतके चांगले साधन दुसरे नाही. ते नसल्यास जाड किसणी चालेल.

किसलेल्या बटाट्यात दोन मोठे चमचे ब्रेडचा कोरडा चुरा, एक लहान चमचा आल्याचा कीस, बारीक चिरलेली कोथिंबीर आणि एक लहान चमचा चटणी घालावी. कोल्हापुरात नुसती ‘चटणी’ म्हटली की ती कांदा-लसणाची, हे वेगळे सांगायला नको. मात्र ती सारणातच घालावी, बाहेरच्या आवरणात नव्हे. तिच्यातील कांदा, लसूण आणि खोबरे उकळत्या तेलात क्षणात करपतात. चटणी आणि चीज दोन्हींत मीठ असते, म्हणून वरून अर्धा लहान चमचा मीठ पुरते. कोथिंबीर धुतल्यावर कापडावर पूर्ण कोरडी करावी. कच्चा कांदा घालण्याचा मोह आवरावा, कारण मीठ लागताच त्याला पाणी सुटते. सर्व जिन्नस बोटांच्या टोकांनी हलकेच एकत्र करावेत.

चीज किसून सारणात मिसळू नये. तसे केल्यास पृष्ठभागाजवळचे चीज तेलात आधी वितळते, तेथे भोक पडते आणि उरलेले चीज त्या वाटेने कढईत उतरते. प्रत्येक क्यूबचे दोन तुकडे करावेत, सुमारे ६० ग्रॅम सारणाची वाटी तळहातावर करून मधोमध एक तुकडा ठेवावा, कडा एकत्र आणून बंद कराव्यात आणि सव्वा-दीड सेंटीमीटर जाडीचा पॅटिस थापावा. कडेला एकही भेग राहू देऊ नये. मोझरेलाने तार अधिक येते हे खरे, पण ताज्या मोझरेलात पाणी बरेच असते. पहिल्या खेपेला साधे क्यूबच बरे. थापलेले पॅटिस अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत. थंड झाल्यावर बटाट्यातील पिष्ट घट्ट बसते, आणि गार चीज वितळायला वेळ घेत असल्याने तोवर बाहेरचे कवच तयार होते.

आवरणासाठी लागणारा ब्रेड कोल्हापूरकराच्या घरी सहज असतो, कारण येथे मिसळ पावाबरोबर नव्हे, स्लाइसबरोबर खाल्ली जाते आणि पुड्यातल्या कडेच्या स्लाइस हमखास उरतात. अशा पाच-सहा स्लाइस मंद तव्यावर उलटसुलट करून टोस्टसारख्या कडक कराव्यात आणि गार झाल्यावर जाडसर दळाव्यात. ओल्या ब्रेडचा चुरा तेल पितो. दोन मोठे चमचे मैदा, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि पाच मोठे चमचे पाणी यांचे ताकापेक्षा किंचित दाट मिश्रण करावे, त्यात पॅटिस बुडवून, जादा निथळून चुऱ्यात घोळवावा आणि चुरा हाताने हलकेच दाबावा. कडांवर दुसऱ्यांदा आवरण दिले तर चीज फुटून बाहेर येण्याचा धोका बराच कमी होतो.

तळण्यासाठी शेंगतेल उत्तम. पॅटिस बुडतील इतके तेल कढईत घेऊन ते सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. चुऱ्याचा कण टाकताच तो फसफसत वर आला आणि लगेच काळा पडला नाही, तर ताप योग्य आहे असे समजावे. एका वेळी तीनच पॅटिस सोडावेत, कारण जास्त घातल्यास तेल गार होते आणि आवरण कडक होण्याऐवजी तेल शोषते. पहिला मिनिटभर झारा लावू नये. बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफच असते, त्यामुळे ते कमी होऊ लागले की कवच कोरडे होत आले असे जाणावे. आतले सर्व शिजलेलेच असल्याने तीन ते चार मिनिटांत सोनेरी रंग येताच पॅटिस काढावेत. जास्त थांबल्यास आतल्या वाफेने कवच फुटते. तव्यावर कमी तेलातही हे भाजता येतात, पण कडा कच्च्या राहतात आणि चीज तेथूनच निसटते.

काढलेले पॅटिस कागदावर एकमेकांवर रचू नयेत, खालून हवा लागेल अशा जाळीवर किंवा पालथ्या चाळणीवर ठेवावेत. मिसळीचा कट वरून ओतण्याची इच्छा अनेकांना होईल. त्यांनी तो वाटीत वेगळा घ्यावा आणि घासागणिक बुडवावा. एरवी घट्ट दह्यात थोडी चटणी कालवली तरी तोंडी लावणे होते. पाहुणे उशिरा येणार असतील तर आवरण दिलेले कच्चे पॅटिस फ्रीजरमध्ये कडक करून डब्यात भरावेत आणि गोठलेलेच, किंचित मंद आचेवर मिनिट-दोन मिनिटे जास्त तळावेत. ते आधी बाहेर काढून ठेवल्यास सुटलेले पाणी चुऱ्यात मुरते आणि आवरण तेलातच गळून पडते.